वरच्या विमानातल्या ताईंना

३ मार्च

ताई,
सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही. तुमच्या कंपनीत फोन केला तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, वैमानिकांची नावं देता येत नाहीत, पण पत्र पाठवलंत तर नक्की पोहोचवू. म्हणून बिननावाचं लिहिते आहे. तुम्ही माझ्याहून लहान असाल तर ‘ताई’ वाचून हसाल. खुशाल हसा. आवाजावरून मला तुम्ही मोठ्या वाटलात.

इकडे सगळं ठीक. हवा निवळली आहे. माझं विमान तपासणीला शेडमध्ये लागलंय, त्यामुळे सवड मिळाली. खरं सांगायचं तर सवड आधीही होती, पण लिहायला बसलं की काहीतरी दुसरं काम आठवायचं.

मागच्या सप्टेंबरातली ती सकाळ तुम्हाला आठवते का? तुम्ही शे-दीडशे माणसं घेऊन खूप वरून चालला होतात आणि खाली पाण्यावरून एक छोटं, एका इंजिनाचं विमान कोणी ऐकतंय का म्हणून विचारत होतं. ते माझं. आमच्या बेटावरून टपाल, औषधं आणि अडलेनडलेले लोक मी पलीकडे नेते. त्या दिवशी मागची आसनं काढून स्ट्रेचर टाकलं होतं. हृदयाच्या झटक्याचा पेशंट होता आणि दवाखान्यातली नर्स सोबत होती.

तुम्ही कायम उंचावरून उडता, तेव्हा आमची अडचण तुम्हाला रोज जाणवत नसेल. रेडिओचा आवाज सरळ रेषेत जातो. त्या दिवशी ढग इतके खाली आले होते की मला पाण्याला जवळजवळ लागूनच उडावं लागत होतं. अशा वेळी बेट मागे क्षितिजाखाली बुडतं, किनारा पुढे अजून वर आलेला नसतो, आणि मधल्या पट्ट्यात आपण कोणाचेच नसतो. निघताना मला हवा बरी आहे असं सांगितलं होतं. अर्ध्या वाटेवर समोर पांढरी भिंत दिसायला लागली. नेहमीच्या धावपट्टीवर धुकं आहे का, तिथे उतरता येईल का, अॅम्ब्युलन्स तिथेच उभी आहे का, काहीच कळेना. मी हाका मारत होते आणि कानात नुसती खरखर. वर चढावं तर ढगात शिरणार. माझ्या विमानाचं ते काम नाही. मागे नर्स म्हणाली, “नाडी मंद होतेय. लवकर करा.”

तेवढ्यात तुमचा आवाज आला. “तुमचं बोलणं मला ऐकू येतंय. किनाऱ्याला येत नाहीये. काय हवंय ते मला सांगा, मी पोहोचवते.”

ताई, त्या क्षणाला मी काय म्हणाले ते मला आठवत नाही. तुम्ही मात्र शांतपणे एकेक गोष्ट विचारून घेतलीत. इंधन किती, पेशंट कसा आहे. मग थोडा वेळ गेला आणि तुम्ही सांगितलंत, “तुमची धावपट्टी बंद आहे. तिकडे जाऊ नका. उजवीकडे वळा, नदीच्या मुखापाशी मोठा विमानतळ मोकळा आहे. अॅम्ब्युलन्स तिकडे वळवतायत.”

मी वळले. तुम्ही विचारलंत, “पेशंटचं कोणी सोबत आहे का?”

मी म्हणाले, “आहे.”

“त्यांना सांगा, डॉक्टर स्वतः गाडीतून येतायत. धीर धरा म्हणावं.”

मी म्हणाले, “सांगते.”

सांगायचं कोणाला होतं? पेशंट माझे वडील होते. तुम्हाला तसं बोलले असते तर पुढचं मला बोलता आलं नसतं, म्हणून मी ‘पेशंट, पेशंट’ करत राहिले. बहुधा तुम्ही ओळखलंत. कारण त्यानंतर तुम्ही ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आलात. “सावकाश ये. मी आहे अजून,” असं म्हणालात. आणि स्वतः लांब जायला लागलात तेव्हा मागून येणाऱ्या विमानाला माझ्यावर लक्ष ठेवायला सांगून गेलात. त्या गृहस्थांनाही माझा नमस्कार कळवा.

आम्ही नीट उतरलो. डॉक्टर म्हणाले, अगदी वेळेवर आणलंत.

आता वडिलांबद्दल थोडं. बेटावर त्यांना सगळे कप्तान म्हणायचे. त्याच पाण्यातून त्यांनी आयुष्यभर लाँच चालवली. माझं विमान सुरू झालं तसे लाँचचे उतारू कमी होत गेले आणि एक दिवस लाँच बंद पडली. त्यावरून ते मला कधी काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. एका घरात राहून आम्ही कामापुरतं बोलायचो, आणि माझ्या विमानात त्यांनी कधी पाऊल ठेवलं नाही. “त्या खेळण्याला माझं वजन झेपायचं नाही,” असं आईला सांगायचे. पहिल्यांदा बसले ते आडवे. पुढे घरी आल्यावर तक्रार काय, तर मला छपराशिवाय काही दिसलं नाही.

म्हणून बरं वाटल्यावर एका निरभ्र दुपारी मी त्यांना शेजारी बसवून नेलं. कपाळ काचेला टेकवून खाली बघत होते. मग खाली बोट दाखवून म्हणाले, “हा खडक बघ. भरतीत दिसत नाही. इथे मी एकदा अख्खी रात्र अडकून होतो.” त्यानंतर थांबेचनात. कुठे प्रवाह फिरतो, कुठे वाऱ्याला जोर असतो, सगळं सांगत सुटले. मी आजवर ज्याच्यावरून नुसती उडत होते ते पाणी त्यांनी मला दाखवलं. त्या मधल्या, मुक्या पट्ट्यात शिरलो तेव्हा मी रेडिओ बंद करून ऐकत बसले. हे कोणाला सांगू नका.

मग ते दर आठवड्याला यायला लागले. आई म्हणायची, दोघं मिळून मला विसरलात की काय.

बाबा जानेवारीच्या शेवटी गेले. घरीच, सकाळी, चहा पिऊन खिडकीशी बसले असताना. मी आधी लिहिलं नाही, कारण तुम्ही इतकी मदत केलीत आणि अखेर तुम्हाला हेच कळवायचं, असं वाटत होतं. पण आई म्हणाली, “त्या बाईंनी आपल्याला काय दिलं ते त्यांना ठाऊकच नाही. कळव.” सप्टेंबरातल्या त्या सकाळी ते पाण्यावरच गेले असते तर माझ्याशी नीट न बोलताच गेले असते. तसं झालं नाही. शेवटच्या आठवड्यात शेजाऱ्यांना सांगत होते, “आमची पोरगी पाणी ओळखायला लागली.”

ताई, एवढं ऐकायला मिळालं.

तुम्हाला आणि तुमच्या घरच्यांना आम्हा दोघींचे मनापासून आशीर्वाद आणि आभार. आशीर्वाद आईचे.

तुमची,
कप्तानांची मुलगी