फुलाखालचा फुगवटा

४ ऑगस्ट, दुपारी
ही आज बहिणीकडे गेली. मेहुणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, त्यामुळे महिना-दीड महिना तरी तिकडेच. निघताना चपला घालता घालता गॅलरीतल्या कुंड्यांबद्दल बरंच काही सांगितलं. मी प्रत्येक वाक्याला हो म्हणालो. त्यातलं 'आईची कुंडी' एवढं स्पष्ट ऐकू आलं. बाकी वेळ मी मोबाइलवर भिंगांची तुलना करत होतो. (दहापट मोठं दाखवणारं घेतलं. लाइट असलेलं.)

सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. भावंडांनी कपाट, शिलाई मशीन, भांडी असं वाटून घेतलं. हिने फक्त एक कुंडी आणली. म्हणजे बाब नाजूक आहे.

कुंड्या पाच. आईची कोणती?

उद्या फोन करून सरळ विचारायचं. लाज कसली!

५ ऑगस्ट
फोन केला नाही. ती हॉस्पिटलच्या गडबडीत असेल, तिला त्रास कशाला. शिवाय विचारलं की ऐकलं नव्हतं हे उघडच होणार.

माणसाने डोकं वापरावं. मी उगाच ऑडिटमध्ये केस पांढरे केलेले नाहीत. एकेक नाव खोडत गेलो. कोरफड, मनी प्लँट आणि पुदिना मला ओळखता येतात, म्हणजे त्या नव्हेत. चौथ्या कुंडीत नुसत्या काटेरी काड्या. कुणीतरी कात्रीने सपासप छाटलेल्या, पानाचा पत्ता नाही. मेलेलं झाड. उरली कोपऱ्यातली पाचवी. तीत एक लवदार पानांची, स्प्रिंगसारखे तंतू सोडणारी वेल आहे. अजिबात ओळखीची नाही. अर्थात हीच आईची!

एवढ्या साध्या गोष्टीसाठी फोन करणार होतो.

६ ऑगस्ट
आईच्या वेलीला आधार हवा होता. चौथ्या कुंडीतल्या मेलेल्या काड्या कापून तिच्याभोवती खोचल्या. काटे असल्यामुळे वेलीची पकड उत्तम बसते. खालचा बुंधा कचऱ्यात टाकला. टाकाऊतून टिकाऊ.

मुलीने विचारलं, बाबा, आईला विचारलंत का? हो म्हणालो. मनातल्या मनात विचारलंच होतं.

११ ऑगस्ट
पुदिना गेला. मुलगी म्हणते पाणी नव्हतं. माझ्या मते पुदिन्याचा स्वभावच तसा. सगळ्या कुंड्यांना रोज पाणी घालायचा संकल्प होताच, पण नीट लक्ष एकट्या आईच्या कुंडीकडेच देता येतं. प्राधान्य ठरवावं लागतं.

तरी जेवताना ताटात पुदिन्याची चटणी नव्हती तेव्हा मन खात राहिलं.

१४ ऑगस्ट, संध्याकाळी
हिचा फोन. मेहुणी बरी आहे. मग आवाज जरा खाली आणून तिने विचारलं की आईच्या झाडाला फुटवा आला का. भरपूर, मी म्हणालो.  ती म्हणाली, मला वाटलं होतं जगायचं नाही. नाक ओढल्याचा आवाज आला. तुम्ही एवढं बघताय, मला खरंच वाटलं नव्हतं, असंही म्हणाली.

फोन ठेवल्यावर बराच वेळ गॅलरीत उभा राहिलो. मला एवढं चांगलं म्हणायची तिला सवय नाही आणि ऐकायची मला नाही. मी साधं तिचं बोलणंही ऐकलं नव्हतं. भरपाई करायलाच हवी.

ठरलं. ती यायच्या आत या वेलीचं नाव शोधायचं. सासूबाईंनी नाव कुणाला सांगितलं असेल असं वाटत नाही. छानशी पाटी करून कुंडीत लावायची. ती बघेल आणि रडेल. चांगल्या अर्थाने.

१७ ऑगस्ट
वाचनालयाच्या हॉलमध्ये रविवारी 'ओळखा पाहू वनस्पती' हा क्लास असतो. फी भरली. शिकवणाऱ्या बाई कॉलेजातून रिटायर झालेल्या आहेत. त्यांचं म्हणणं, पानावर विश्वास ठेवू नका, पान फसवतं. फूल उघडा. पाकळ्या सुट्या की जोडलेल्या ते बघा, पुंकेसर मोजा, मधला स्त्रीकेसर बघा, त्याच्या तळाशी बीजकोश कुठे बसलाय ते बघा. मग नाव आपोआप समोर येतं.

शेवटचा भाग नीट लिहून घेता आला नाही. नव्या भिंगाचा लाइट कसा लागतो ते शेजारच्या गृहस्थांना दाखवत होतो.

२० ऑगस्ट
पहिली फुलं! पिवळी, टिकलीएवढी. दोन तोडली. पाकळ्या पाच, खाली जोडलेल्या. पुंकेसर तीन. स्त्रीकेसर नाही. कदाचित भिंग उलटं धरलं होतं.

आणखी चार तोडली.

२३ ऑगस्ट
तशी अकरा फुलं उघडून झाली. एकातही स्त्रीकेसर नाही आणि बीजकोश तर नाहीच. ही साधी गोष्ट नाही. वंध्य वेल! जगात अशी दुसरी असेल का? पाटीवर नावाखाली सासूबाईंचंही नाव घालावं लागेल.

एक काळजी मात्र आहे. काही फुलांच्या खाली, देठावर, लहानसा हिरवा फुगवटा दिसतो. किडीचं लक्षण. ती फुलं न उघडताच देठासकट खुडून फेकली. शिवाय आधाराच्या काड्यांवर लालसर, चिकट कोंब येताहेत. बुरशीच असणार. तेही नखाने खरवडले. रोज सकाळी हा राउंड घ्यायचा. झाड म्हणजे लहान मूल.

२६ ऑगस्ट
हिचा फोन. फुलंसुद्धा आली असं मी सांगून टाकलं. इतक्यात? असं तिने दोनदा विचारलं. मग मागे कुणाला तरी ओरडून सांगितलं, ताई, आईच्या झाडाला फुलं आली गं! तिकडून मेहुणीही ओरडली. ऑपरेशन झालेली बाई एवढी ओरडते, म्हणजे केवढा आनंद.

मनी प्लँट पिवळा पडलाय. त्याबद्दल तिने विचारलं नाही, म्हणून मीही बोललो नाही.

३१ ऑगस्ट, क्लासनंतर
लिहायला मन होत नाही.

बाईंना वंध्य वेलीबद्दल सांगितलं, जरा मोठ्यानेच, सगळ्यांना ऐकू जाईल असं. बाईंनी शांतपणे विचारलं, काही फुलांच्या खाली फुगीर काही होतं का? मी म्हणालो, होतं, पण घाबरू नका, ती कीड मी रोज वेचून टाकतो.



बाई म्हणाल्या, अहो, तोच बीजकोश. काही झाडांत तो फुलाच्या आत नसतो, फुलाच्या खाली असतो. तुमच्या वेलीवर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी. पहिल्याच दिवशी अर्धा तास मी हेच सांगत होते. (म्हणजे लाइटच्या वेळी.) नर फुलं तुम्ही चिरलीत आणि मादी फुलं फेकून दिलीत.

शेजारच्या गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो मला नको होता.

घरी आल्यावर वेल पान न् पान उलटून पाहिली. सासूबाईंच्या घरातून आलेली एकुलती एक वस्तू. बी धरू पाहत होती आणि मी रोज सकाळी चहा घेऊन तिचं बी वेचत होतो. आणि ही बिचारी फोनवर मला चांगला म्हणत होती.

१ सप्टेंबर
एक सापडलं! भिंतीच्या बाजूला, पानाआड, फुगवट्यासकट. मुलीचा मेकअपचा ब्रश घेऊन नर फुलातला पराग त्यावर लावला. मुलीला नंतर सांगितलं. ती म्हणाली, नंतर का? ब्रश आता तुमच्याकडेच ठेवा.

आजपासून बीजकोशाला कुणीही हात लावायचा नाही, मीसुद्धा.

६ सप्टेंबर
फुगवटा वाढतोय! हरभऱ्याएवढा.

क्लासच्या पुस्तकात शेवटची पायरी लिहिली आहे. बीजकोश आडवा कापून आत कप्पे किती ते बघा, मग नाव नक्की. ब्लेड घेऊन गॅलरीत गेलो. नुसता बघायला. कप्पे कळले तर पाटी होईल, पण बी जाईल. पाटी की बी? उन्हात घाम फुटेपर्यंत उभा होतो.

ब्लेड परत ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी न करता परत आलो आहे, आणि ते बरोबर होतं. हे आधी जमलं असतं तर किती फुलं वाचली असती. पण झालं गेलं.

कोरफड ढासळली. कोरफड मरते हे मला माहीत नव्हतं.

१४ सप्टेंबर
फळ लालबुंद. बाईंना फोटो दाखवला. त्या हसल्या. काकडीच्या घराण्यातली रानवेल आहे म्हणाल्या, कुठल्याही मातीबरोबर येते, गटाराच्या कडेला हवी तेवढी मिळेल.

घरी येताना बघितलं. फाटकाबाहेर आहेच. कचरापेटीच्या मागेही आहे.

आधी खट्टू झालो. पण विचार केला, सासूबाई साध्या होत्या, साधीच वेल लावली असेल. प्रेमाला दुर्मिळपणाची काय गरज? पाटी रंगवली: 'आईची वेल'. फळातल्या बिया पंख्याखाली वाळवून पाकिटात भरल्या. काही हातातून निसटून बाकीच्या कुंड्यांत पडल्या. पडू देत, तिथे तसंही आता काही नाही.

ही उद्या येणार. सगळं खरं सांगायचं. फोन केला नाही तेही, पुदिन्याचंही. पाकीट हातात द्यायचं आणि मग सांगायचं. क्रम महत्त्वाचा.

१५ सप्टेंबर, संध्याकाळी
आली. बॅग ठेवली आणि पाणीसुद्धा न पिता गॅलरीत गेली. मी पाकीट घेऊन मागे.

ती कोपऱ्याकडे गेलीच नाही. रिकाम्या चौथ्या कुंडीसमोर थांबली. माझा गुलाब कुठाय, म्हणाली.

मी विचारलं, कोणता गुलाब?

आईचा. मी जायच्या आदल्या दिवशी छाटला होता. छाटणीनंतर तो काड्यांसारखाच दिसतो, रोज पाणी घाला, फेकू नका, असं दारात तीनदा सांगितलं होतं. आणि कोपऱ्यातलं रान बी धरायच्या आत उपटा, असंही. तुम्ही हो म्हणालात.

मग तिला पाटी दिसली.

मी पाकीट खिशात टाकलं. क्रम विसरलो. कापलं मीच, एवढंच म्हणालो. बुंधा कुठाय विचारलं, तेही सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, ताईला मी फोनवर ओरडून सांगितलं हो, फुलं आली म्हणून.

मुलगी गुपचूप वेल सोडवू लागली. एकेक काडी बाजूला करत होती. एक काडी मात्र ओढून निघेना. पानांच्या आड, मी न खरवडलेला एक लाल कोंब होता. माती उकरली तर खाली दोऱ्यासारखी पांढरी मुळं.

गुलाबाचा नवा फुटवा लाल असतो, असं ही सांगत होती. मला नव्हे, मुलीला. या वेळी मी प्रत्येक शब्द ऐकला.

मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ते तुमचं भिंग द्या. दिलं. तिने लाइट लावून कोंब पाहिला, खूप वेळ पाहिला. मग मुलीला दाखवला. मी बघू का, असं मी विचारलं. नको, म्हणाली, तुम्ही खुडाल.

कुंडी मुलीच्या खोलीच्या खिडकीत हलवली आहे. पाणी मुलगी घालणार. माझ्याकडे गॅलरीतल्या उरलेल्या कुंड्यांतून रानवेलीची रोपं उपटायचं काम आहे. आठवड्याभरात भरपूर उगवतील.

भिंग अजून तिच्याकडेच आहे. मागितलेलं नाही.