पल्लवीच्या डावाचं शूटिंग

१८ नोव्हें.
क्रीडा वसतिगृहाचा निरोप आला. निवडीसाठी आमच्या पल्लवीच्या खो-खोच्या एका अख्ख्या डावाचं शूटिंग पाहिजे, मधी न तोडता. मोबाईलवरचं धुरकट दिसतं म्हणे, ते चालणार न्हाई. मुदत महिनाअखेर. आमच्या घरातलं कोणी खेळायला म्हणून बाहेरगावी राहणार. भाकरी थापताना एकटीच हसत हुते.

१९ नोव्हें.
कोल्हारला धाकट्या भावाच्या स्टुडिओत. सुनीलनं छोटा कॅमेरा दिला, वर ढीगभर सूचना. आडवाच धरायचा, उभा केला की अख्खं चित्र आडवं पडतं. झूम सारखं पुढं-मागं न्हाई, त्याची घरघर आत येते. माईकच्या भोकावर बोट न्हाई. दिवा लुकलुकतोय तोवर कार्ड काढायचं न्हाई.
निघताना म्हणतो, "आक्का, हे सगळं जमंल तुला. तोंडाचं काय?"
मेला.

२१ नोव्हें.
शाळेच्या मैदानावर सरावाचा सामना. पल्लवी शेवटपर्यंत नाबाद. खांब धरून अशी गिरकी घेतली की मागची पोरगी सरळ पुढं निघून गेली. माझा हात हलला न्हाई, बॅटरी पुरली, कार्ड पुरलं.
संध्याकाळी टीव्हीला लावलं. चित्र झकास, पण आवाज सगळा माझाच. "पल्ले, मागं! आगं उजवीकडं, उजवीकडं!" शिट्टीसुद्धा ऐकू येईना. हे म्हणाले, "पोरीला ठेवतील आन् तुलाच घेऊन जातील."
शाळेचे सर म्हणाले, हे पाठवू नका, बाहेरून कोणी शिकवतंय असं वाटंल. सुनील म्हणाला, माईक तुझ्या नाकाखाली, मैदान लांब. तुझाच आवाज मोठा येणार.

२४ नोव्हें.
तालुक्याचा सामना. पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी. एक शब्द न्हाई. लई भारी पळत हुती पोरगी. मधीच थबकली, माझ्याकडं वळून बघितलं, तेवढ्यात पाठीवर हात पडला. बाद.
बाहेर आली ती तणतणतच. "आई, कुठं गेल्तीस?"
"इथंच हुते की."
"मग ओरडली का न्हाईस? मला वाटलं चक्कर येऊन पडलीस."
समोरच्या पोरी अंगावर येत असताना ती माझा आवाज शोधत हुती. वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर छाती फुगली.

२५ नोव्हें.
नाबाद आहे त्यात मी ओरडतेय. मी गप आहे त्यात ती बाद. पाठवायचं काय?

२७ नोव्हें.
मुदतीच्या आतला शेवटचा सामना उद्या. सुनील स्टँड घेऊन येतोय. कॅमेरा मैदानाच्या पल्याड, तो तिथं उभा राहणार. मी अल्याड. "आता ओरड पोटभर," म्हणाला.
पल्लवीचं वेगळंच. "आई, मला येईल ना ऐकू?"
येईल तर. मळ्यातून मारलेली माझी हाक प्रवरेच्या पल्याड जाते. माईक माझ्यापासून लांब ठेवायला एवढं मैदान पुरंल का, ते सुनीलला विचारलंच न्हाई.