युलाली बाईंची दोन अक्षरं

आदरणीय इस्मे आत्या,

तुझा भाचा ऑर्विल आपल्या बेटावर, ब्लोइंग पॉइंटच्या धक्क्यावर, स्वतःच्या टॅक्सीत बसून, मोबाइलवर एका बोटाने हे पत्र लिहितो आहे आणि त्याच बोटाने तुला मनापासून नमस्कार करतो आहे. तुझा डावा गुडघा कसा आहे? तिकडे स्लाउच्या विलायती थंडीत तो जेवढा दुखतो तेवढा इथल्या उन्हात दुखला नसता, हे मी दर ख्रिसमसला लिहितो आणि तू दर ख्रिसमसला ते सोडून पुढचं वाचतेस. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. (केझाया, बाळ, आजीला ‘सगळे’ हा शब्द दोनदा वाचून दाखव.) मंगळवारपासून तुझा फोन सारखा एंगेज लागतोय, म्हणून हे पत्र तुझ्या नातीच्या ईमेलवर पाठवतो आहे. एवढं काय बोलणं चाललंय ते मला ठाऊक आहे, पण त्याकडे मी नंतर येतो. आधी सगळं पहिल्यापासून सांगू दे, नाहीतर तू मला नुसता मूर्ख समजशील. सगळं ऐकल्यावर निदान सकारण समजशील.

तीन आठवड्यांपूर्वी धक्क्यावर माझा नंबर होता. सकाळच्या बोटीतून ओल्डन नावाचा एक अमेरिकन उतरला. किडकिडीत, नाक उन्हाने सोललेलं, पायात समुद्रकिनाऱ्यावर कुणी घालणार नाही असे काळे बूट. हॉटेल नको म्हणाला, बीच नको म्हणाला. खिशातून कागद काढून विचारलं, ‘मिस युलाली लेक, नॉर्थ साइड, माहीत आहे का?’ आता बाईंनी मला पाचवीत दोनदा बसवलं, मला माहीत नसून कसं चालेल? वाटेत म्हणाला, ‘मला त्यांचं नाव मिळवायचंय.’ एक्याऐंशी वर्षांच्या बाईंचं लग्न जमवायला माणूस कॅलिफोर्नियातून आलाय असं समजून मी गाडी हळू केली. पण तसं नव्हतं. त्याला बाईंचा इंटरनेटवरचा पत्ता हवा होता. तोच, बेटावर कोण गेलं ते बाई जिथे लिहितात त्या आपल्या मयतांच्या पानाचा, जो उघडून तुम्ही स्लाउला गेलेली मंडळी सकाळचा चहा पिता. (ती दोन अक्षरं मी इथे लिहीत नाही. तुला पाठ आहेत, आणि कुठेही लिहू नका असं मला बजावण्यात आलंय.)

ओल्डनने मला गणित समजावलं. इंग्रजी अक्षरं सव्वीस. त्यांच्या दोन-दोन अक्षरी जोड्या होतात सहाशे शहात्तर, एकही जास्त नाही. कितीही पैसा असला तरी सहाशे सत्त्याहत्तरावी जोडी कुणी पाडू शकत नाही. आपल्या बेटाच्या वाट्याला इंटरनेटच्या पत्त्याच्या शेवटी लावायला आली ए आणि आय ही अक्षरं, आणि तीच आता जगभर यंत्राच्या अकलेचं नाव होऊन बसलीत. त्यामुळे बड्या कंपन्यांना आपल्याच शेपटीचं नाव हवं, तेही जितकं छोटं तितकं चांगलं. दोन अक्षरी तर सगळी केव्हाच गेली. बाईंनी पंचवीस वर्षांपूर्वी संध्याकाळच्या कॉम्प्युटरच्या वर्गात, सर म्हणाले काहीतरी घेऊन टाका, म्हणून एक घेऊन टाकलं होतं. ओल्डनने त्यांना अकरा ईमेल पाठवले होते. उत्तर एकालाच आलं. बाईंनी त्याचाच मजकूर परत पाठवला होता, चुका लाल करून.

नाव मिळवून दिलंस तर कंपनी तुला नवी गाडी देईल, असं तो म्हणाला. आत्या, माझ्या गाडीचा रिव्हर्स गियर दोन वर्षांपूर्वी गेला. मी गिऱ्हाईक फक्त अशाच ठिकाणी सोडतो जिथून वळसा घालून पुढे जाता येतं. तेव्हा मी त्या क्षणापासून कंपनीचा माणूस झालो हे तू समजून घेशील.

बाई ओसरीवर ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, ‘ऑर्विल, शर्टाचं बटण.’ ओल्डनला बघून त्यांनी शेंगांची पाटी त्याच्यापुढे सरकवली. तो बिचारा काळे बूट घालून तूर सोलायला बसला. अर्धी पाटी झाल्यावर त्याने आकडा सांगितला. तो आकडा ऐकून माझ्या हातातली शेंग पडली. बाईंनी ती उचलून मला परत दिली.

‘तुमची कंपनी करते काय?’ बाईंनी विचारलं.

‘लोकांची पत्रं लिहून देणारं यंत्र बनवते.’

‘कुणाची पत्रं?’

‘कुणाचीही, मॅडम.’

‘आणि ज्याचं पत्र आहे, तो तेवढा वेळ काय करतो?’

ओल्डनने माझ्याकडे पाहिलं. मी तुरीकडे पाहिलं. तेवढ्यात फोन वाजला. आयलंड हार्बरचे म्हातारे अल्डस हॅरिगन गेले होते. बाईंनी हात धुतले, चष्मा लावला, आम्हाला टोप्या काढायला लावल्या आणि कॉम्प्युटरपुढे बसून एका बोटाने लिहायला लागल्या: नाव, वय, मागे कोण कोण, कुठलं चर्च, किती वाजता. चार ओळींना पाऊण तास लागला. मधे एकदा थांबून त्यांनी हॅरिगनांच्या घरी फोन केला आणि धाकट्या सुनेच्या नावात एक एन की दोन, एवढंच विचारलं. माणूस गेल्यावर त्याच्या घरच्यांची नावं तरी नीट लिहावीत, असं म्हणाल्या. ओल्डन अख्खा वेळ टोपी छातीशी धरून उभा होता.

दुसऱ्या खेपेला तो आकडा वाढवून आला, शिवाय एक युक्ती घेऊन आला. मयतांच्या पानासाठी बाईंना दुसरं नाव फुकट, कायमचं. एकोणीस अक्षरी. बाई म्हणाल्या, ‘स्लाउमध्ये लिओपोल्ड ब्रायन राहतो. त्याला एकाच डोळ्याने दिसतं. हे नाव तो टाइप करून होईपर्यंत इथे माणूस पुरूनसुद्धा होईल.’ (आत्या, लिओपोल्डकाकांना हे सांगू नकोस. किंवा सांग, त्यांना बरं वाटेल.) मग मी माझी अक्कल चालवली. ओल्डनला म्हटलं, बाईंना माणूस आवडला पाहिजे, शनिवारी हॅरिगनांच्या मातीला चल. तो आला. नेमका खांदेकऱ्यांपैकी एकाच्या पाठीत उसण भरली, उंचीला जुळणारा दुसरा माणूस सापडेना, आणि पाद्रीबाबांनी ओल्डनला बोटाने खूण केली. आत्या, ज्या माणसाला त्याने जन्मात पाहिलं नाही त्याची पेटी खांद्यावर घेऊन तो त्या उन्हात टेकडी चढला आणि वर पोचल्यावर घरच्यांपेक्षा जास्त रडला. नंतर शाळेच्या हॉलमध्ये बकरीचा रस्सा आणि तळलेले गरम तीन जॉनी केक खाताना मला म्हणाला, ‘माझे वडील गेले तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो.’ मी त्याला चौथा केक वाढला.

सोमवारी त्याच्या साहेबाचा फोन आला, माझ्याच गाडीत. साहेब म्हणाला, आणखी वाढव. ओल्डन म्हणाला, ‘वाढवून उपयोग नाही, ते नाव वापरात आहे.’ वापरात तर सगळीच आहेत, साहेब म्हणाला. ‘तसं नाही,’ ओल्डन म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला. मला नवी गाडी त्या खिडकीतून लांब जाताना स्पष्ट दिसली.

तरी तिसऱ्यांदा गेलो, कारण बाईंनीच बोलावलं होतं. म्हणाल्या, ‘माझी बोटं आता चालत नाहीत. हे नाव कुणाला द्यायचं ते मी ठरवलंय.’ ओल्डनने नकळत केसांवरून हात फिरवला. बाई म्हणाल्या, ‘ऑर्विलला.’ मी विचारलं, कुठला ऑर्विल? खरंच विचारलं. बाई म्हणाल्या, टॅक्सीवाल्याला या बेटावर कोण गेलं ते डॉक्टरच्या आधी कळतं, कुणाचं घर कुठे तेही माहीत असतं, आणि शुद्धलेखन मी अजून सुधारू शकते. मग टेबलावरचं बायबल पुढे केलं. ते पान उघडणारा स्लाउमध्ये एकही माणूस जिवंत आहे तोवर नाव विकणार नाही, असं त्यावर हात ठेवून माझ्याकडून वदवून घेतलं. नोंदणीचे सांकेतिक शब्द, अर्ज, सगळं ओल्डननेच भरून दिलं, कारण ते काम आम्हा तिघांत फक्त त्यालाच येत होतं. कंपनीने ज्याला ते नाव मिळवायला पाठवलं, त्यानेच ते माझ्या नावावर केलं. जाताना बोटीच्या शिडीवर मला म्हणाला, ‘सहाशे शहात्तरांतलं एक तुझ्याकडे आहे, माहितेय ना?’ मी म्हटलं, रिव्हर्स गियर नाही तेही माहितेय. हसला. तुरीची पिशवी घेऊन गेला, बाईंनी दिलेली.

तर अशा रीतीने, आत्या, आपल्या घराण्यात पहिल्यांदाच जगाला हवीशी वाटणारी वस्तू आली आहे आणि तिचा मला एका पैशाचा उपयोग नाही. तरी सकाळी धक्क्यावर लोक मला वाट देतात हे खरं. गुडघ्याला जप. केझायाला आशीर्वाद, आणि एवढं मोठं पत्र वाचून दाखवल्याबद्दल तिला माझ्या वतीने काहीतरी गोड दे.

तुझा,
ऑर्विल

ता. क. मूळ सांगायचं ते राहिलंच. मंगळवारी पानावर तू जे वाचलंस ते खरं नाही. तुझा भाऊ ह्युबर्ट, म्हणजे माझे बाबा, जिवंत आहेत. बाईंनी मला सराव करायला सांगितला होता, घरातलाच एखादा धडधाकट माणूस घे आणि त्याच्यावर चार ओळी लिहून बघ, म्हणाल्या. लिहिल्या. मग ‘राखून ठेवा’ दाबायच्या जागी मी ‘प्रसिद्ध करा’ दाबलं आणि समोरच्या सेंट मार्टिन बेटावरचं गिऱ्हाईक आलं म्हणून निघून गेलो. परत येईपर्यंत तीन तास झाले होते. बाईंनी लगेच दुरुस्ती टाकली, पण ती तुमच्याकडे कुणी पाहिलीच नाही, कारण तुम्ही सगळे एकमेकांना फोन करत होतात. तेव्हा कृपा करून चर्चच्या हॉलमधली रविवारची प्रार्थनासभा रद्द कर आणि फुलांचं सांगितलं असेल तर थांबव. ज्यांनी इकडची तिकिटं काढली त्यांनी खुशाल यावं. ऑगस्टमध्ये बोटींच्या शर्यती आहेतच.

ता. क. दोन. बाबांनी मजकूर वाचला. मेल्याबद्दल त्यांची तक्रार नाही. मी वय दोन वर्षांनी वाढवलं आणि ‘शांत स्वभावाचे’ असं लिहिलं, याबद्दल दिवसभर ओरडत होते. बाईंना दोन शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या, त्या वेगळ्या.

ता. क. तीन. तू आणि बाबा नऊ वर्षं बोलत नाही, आजीच्या शिलाई मशीनवरून, हे मला माहीत आहे आणि मी त्यात पडणार नाही. पण मंगळवारी तू पाद्रीबाबांना फोन लावलास आणि तुझ्याच्याने एक शब्द बोलवला नाही, हे त्यांनी बाबांना सांगितलं. तेव्हापासून बाबा रोज दाढी करून फोनजवळ खुर्ची टाकून बसतात आणि कुणी विचारलं तर वारा तिथे चांगला येतो म्हणतात. वारा तिथे अजिबात येत नाही. मी म्हटलं, तुम्हीच लावा ना. तर म्हणाले, मेलेल्या माणसाने स्वतःहून फोन करणं बरं दिसत नाही, ती घाबरेल, आधी तिने करावा. नंबर तोच आहे.