प्रश्न क्रमांक चार

गुरुवार, संध्याकाळ. पाथर्डी.

आज अंगात त्राण नाही. तरी लिहून टाकते, नाहीतर हे डोक्यातून जायचं नाही.

इतिहासाच्या तासासाठी इंटरनेटवरून एक फुकटची कृतिपत्रिका उतरवली आणि न वाचताच झेरॉक्स काढल्या. 'घरातली जुनी वस्तू वर्गात आणा.' पोरांनी अडकित्ते आणले, पितळी तांबे आणले. सातवीतली सुरेखा रिकाम्या हातानं आली. तिचे आईवडील दिवाळीपासून ऊसतोडीला गेलेत, ती आजीजवळ राहते.

"वस्तू कुठंय?"

"बाई, आज्याचा कोयता हाय आमच्यात. पर आई घिऊन गेलीय."

"मग दुसरं काहीतरी आणायचं ना!" केवढ्यानं ओरडले मी. का? दमले होते म्हणून? तिच्या कागदावर लाल शाईनं 'अपूर्ण' लिहिलं. तेही न वाचताच.

आत्ता गठ्ठा तपासायला घेतला तेव्हा तिचा कागद वाचला. चौथा प्रश्न असा छापलाय: 'ही वस्तू वापरातून कधी गेली?' बाकीच्यांनी काहीबाही ठोकून दिलंय. जुनं म्हणजे संपलेलंच, असं तो प्रश्न लिहिणाऱ्यानं गृहीतच धरलंय. आणि मीही. इतकी वर्षं याच भागात शिकवून.

सुरेखानं त्यापुढं पेन्सिलीनं लिहिलंय, "आजून न्हाई गेली. कवा जाईल ते आई आल्यावर इचारून सांगते."

आणि त्याच्यावर माझं लाल 'अपूर्ण'.