डाव्या हिरडीचा ठणका

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, म्हणून खुर्चीत बसूनच घातला आहे. मी आडवा झालो असं तू समजून घे.) इकडे सर्व ठीक, तोंड सोडून. तुझं कसं काय? जिना चढताना धाप लागायची, ती अजून लागते का? की पायऱ्याच उंच झाल्यात, हे तुझं निदान अजून कायम आहे?

वि. वि. माझ्या हिरड्यांवर मध्यंतरी संशोधन चालू होतं. हसू नकोस. आपल्या घराण्यात कुणाच्या डोक्याचा कुणाला उपयोग झाला नाही, निदान माझ्या हिरड्यांचा तरी झाला. इथल्या दातांच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई आहेत. त्यांच्या हाताखाली एक मोजणारी मुलगी आहे, ती खुणा केलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या फटीत घालते आणि भाजीचा लिलाव चालल्यासारखी आकडे ओरडते. बाईंची पद्धत अशी की अर्ध्या तोंडाला खरं औषध आणि अर्ध्याला नुसताच दिसायला तसा लेप. कुठली बाजू नशीबवान, हे शेवटपर्यंत मला सांगायचं नाही आणि त्या मोजणारीलाही नाही. मी आपला शहाणपणा करून घरी मिठाच्या पाण्याच्या चुळा सुरू केल्या, तर बाईंनी मला शाळकरी पोरासारखं फैलावर घेतलं. म्हणाल्या, "काका, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की कशामुळे काय झालं, ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही." मी मीठ बंद केलं. ब्रह्मदेवाची अडचण कशाला करा?

आता डाव्या हिरडीबद्दल. (तू म्हणशील, झालं याचं सुरू. तरी वाच.) आई जायच्या आधी ती ठणकत होती, आणि आई गेली त्या क्षणी थांबली, हे तू योगायोगावर ढकललंस. भावोजींच्या वेळी मी न्हाव्यापुढे बसलो होतो. कात्री चालू असताना ठणका एकदम थांबला, कुणीतरी आतून दार लोटून घ्यावं तसा. मी न्हाव्याला म्हणालो, राहू दे, आणि अर्धं डोकं कापलेलं घेऊन घरी आलो, तर तुझा फोन वाजत होता. तरीही तुझं म्हणणं एकच: "तुझी हिरडी कुजलीय, तिला कसलं भविष्य कळतंय!" बाकीचे नातेवाईक मात्र शहाणे झाले. आपला मधला चुलतभाऊ मला जेवायला बोलावताना आधी विचारतो, "तोंड कसं आहे?" मग तारीख ठरवतो.

दवाखान्यात दर खेपेला विचारतात, दुखणं एक ते दहामध्ये किती. एकदा मी सहज बोलून गेलो की बाई, हे दुखणं आकड्यात नाही, माणसांत मोजायचं असतं. मोजणारी मुलगी हसली, बाई हसल्या नाहीत. पुढच्या खेपेला बाईंनी खोलीचं दार लावून घेतलं, हातमोजे काढले आणि हळूच विचारलं, "आज ठणकतंय का?" त्यांची आई मोठ्या इस्पितळात होती. मी म्हटलं, अहो, तुमच्या आईशी माझं काय नातं? तर म्हणाल्या, "तरी सांगा ना." एवढी शिकलेली बाई माझ्या गालाकडे बघत उभी होती, आणि ताई, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ठणकत नव्हतं, तसं सांगितलं. त्यांची आई सुखरूप घरी आली. तेव्हापासून दातांच्या दवाखान्यातली माणसं नमस्कार करतात तो माझ्या तोंडाकडे नाही, डाव्या गालाकडे बघून.

मग निकाल उघडला. औषध उजव्या बाजूला होतं. उजवी हिरडी तान्ह्या पोरासारखी गुलाबी झालीय आणि डावीला इतके दिवस नुसता लेपच. आता संशोधनातल्या सगळ्यांच्या राहिलेल्या बाजूलाही खरं औषध देणार होते. माझी पाळी आज सकाळी होती.

पण गेला आठवडाभर ती ठणकते आहे. पूर्वी कधी नव्हती एवढी. मी सगळ्यांना फोन लावले. मामा शिंकला आणि माझ्यावरच खेकसला. आत्या म्हणाली, मेल्या, माझ्या मरणाची वाट बघतोस? मधला चुलतभाऊ तर माझा आवाज ऐकून रडायलाच लागला. सगळे ठणठणीत. फोन उचलला नाहीस ती एकटी तू. तुझा फोन कपाटात स्वेटरांच्या खाली असतो हे मला माहीत आहे, आणि शेजारणीचा नंबर तू कधी दिला नाहीस, कारण मी तिच्याशी फार बोलतो. तेव्हा काळजीचं कारण नाही, असं मी स्वतःला बजावतो आहे.

कळावे, लोभ आहेच, तो रागावून कमी करू नकोस.

तुझा धाकटा भाऊ
(अर्धा बरा)

ता. क. : खरं मागणं असं की छाती तपासून घे. माझ्या हिरडीवर विश्वास नसला तर नसू दे, जिन्यावर तरी ठेव.

ता. क. दुसरा : एक लपवलं होतं. सकाळी बाईंनी विचारलं, "काका, आज थांबायचं का?" मी म्हटलं, नको, लावून टाका. मला भीती वाटत होती, ताई. ठणका ऐकत बसवेना. त्यांनी डाव्या बाजूला औषध भरलं.

ता. क. तिसरा : आत्ता पाकिटाला डिंक लावताना ठणका थांबला. एकदम. बाईंना लगेच फोन करून विचारलं, औषध इतक्या लवकर लागू पडतं का? त्यांनी पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "पडू शकतं." आणि मग म्हणाल्या, "काका, तुम्ही निघा."

पत्र टपालात टाकत नाही, माझ्याच हातात आहे. बेल वाजवीन. तुला उठायला कितीही वेळ लागू दे, धाप लागू दे, मला हव्या तेवढ्या शिव्या दे, पण दार तू उघड.