उजवीकडचा श्वास

चि. मासोळीस,

हे पत्र काही टपालात पडायचं नाही, म्हणून खरं लिहितो. काल तुझ्या शर्यतीला मी आलो होतो. मागे, खांबाआड बसलो होतो. ‘आले नाहीत म्हणून सांग,’ असं तुझ्या आईला मीच बजावलं होतं.

मला पोहायला कुणी शिकवलं नाही. कालव्यात एकटा शिकलो. काठ नजरेआड होऊ नये म्हणून तोंड उजवीकडेच वळवून श्वास घ्यायचो. त्याच श्वासावर अजिंक्यपद मिळवलं आणि तुलाही तोच दिला. तुझ्या नव्या प्रशिक्षक बाईंनी ती सवय एका हंगामात मोडली, दोन्हीकडे श्वास घ्यायला शिकवलं. काल डावीकडची पोरगी जवळ येताना तुला दिसली, तू वेग वाढवलास आणि जिंकलीस. तुझ्या पोहण्यात माझं काही म्हणता काही उरलं नव्हतं.

मग तुझा फोन आला. “बाबा, रागावू नका हं, पण इतकी वर्षं डावीकडे कोण आहे हेच कळायचं नाही मला!” तू हसलीस. मीही हसलो.

आज सकाळी माझ्याकडे शिकणारी पोरं तलावात उतरली. सगळी उजवीकडेच तोंड वळवत होती. थांबवावं म्हणून शिट्टी ओठांत धरली. पण थांबवून शिकवू काय? मला दुसरं येतच नाही. पोहू दिलं तसंच.

तुझे,
बाबा