सवतीचा सूर

८ मार्च

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. परवा फोनवर तू चिडलीस, ‘आई, नुसतं हूं-हूं काय करतेस!’ अगं, फोन तुझ्या बाबांच्याच खोलीत आणि त्यांचे कान अजून तिखट. म्हणून हे पत्र. वरच्या मजल्यावरच्या बाईंचा भाचा उद्या तुमच्याकडे निघालाय, त्याच्या हाती देते.

इकडे सगळं ठीक. गच्चीवरच्या टाकीची गळती थांबली. माझ्या चष्म्याची काडी तुटली होती, ती मीच दोऱ्याने बांधली. सवत मजेत आहे.

गाडी विकून टाका, आता तिच्याकडे कोण बघणार, असं तू म्हणालीस. मी बघते! हसू नकोस. जन्मभर जिला सवत म्हणत बोटं मोडली, तिचं सगळं आता माझ्याच गळ्यात आलंय. दोन सीटची गाडी घेणारा माणूस संसारी म्हणायचा का, असं मी तेव्हा विचारलं होतं. वर यांनी तिचे टायर रुंद केले, तिला जमिनीला टेकेल इतकी खाली आणली आणि असला सायलेन्सर बसवला की गल्लीतली कुत्री पळायची. मला साडी घ्यायला मात्र यांना कधी वेळ नव्हता.

सध्या कार्ब्युरेटरचं काम चाललंय. तुला आठवत असेल, ते दोन आहेत आणि दोघांनी सारखी हवा ओढायला हवी, नाहीतर इंजिन लंगडतं. रबरी नळीचं एक टोक कानाला लावून, दुसरं आधी याच्या तोंडाशी, मग त्याच्या तोंडाशी धरायचं, आणि आवाज सारखा येईस्तोवर स्क्रू फिरवायचा. ‘बाबा, हा जास्त फुसफुसतोय,’ असं तू बरोब्बर सांगायचीस. मला त्या नळीतलं ओ की ठो कळत नाही. म्हणून यांनी युक्ती काढली. पलंग खिडकीशी घेतला. मी अंगणात बॉनेट उघडून उभी राहते, ते आतून ऐकतात. बोट वर केलं की स्क्रू आवळायचा, खाली केलं की सैल करायचा. पंजा दाखवला की थांबायचं.

पलंग खिडकीशी कशाला, हे तू विचारशीलच. ते आता उठत नाहीत, बाळा. डॉक्टर म्हणाले, हॉस्पिटलात ठेवून उपयोग नाही, घरीच न्या. हे सांगायलाच पत्र घेतलं आणि टाकीचं पुराण लावत बसले.

पहिल्यांदा पंजा दिसला त्या दिवशी गाडी अगदी सुरात आली होती. मला वाटलं, खूश होतील. झालेही. मग म्हणाले, ‘चला, झालं एकदाचं काम,’ आणि भिंतीकडे तोंड करून पडले. दूधही घेतलं नाही. संध्याकाळी त्यांचा डोळा लागल्यावर मी गुपचूप अंगणात गेले आणि स्क्रू मागे फिरवला.

सकाळी गाडी लंगडली. ‘अगं, काय करून ठेवलंस तिचं!’ केवढ्यांदा ओरडले! चिमे, त्या ओरडण्याने माझा जीव भांड्यात पडला. माझी अक्कल काढली, सगळं दूध प्यायले आणि बोट वरखाली करत बसले. तेव्हापासून रोज हेच. मी बिघडवते, ते दुरुस्त करतात. मध्ये गॅरेजवाला आला होता. म्हणाला, ‘काकू, स्क्रू आपोआप सैल होतोय, आतली स्प्रिंग बदलू या.’ म्हटलं, ‘तुम्ही चहा घ्या आणि गप्प बसा.’

मला वाटायचं, गाडीत दोष आहे तोवर हे कुठे जात नाहीत.

कालपरवा फार मलूल दिसले, म्हणून मी स्क्रू जरा जास्तच फिरवला. म्हटलं, चांगलं चिडू देत. आज सकाळी गाडी अशी धडधडली की वरच्या बाई गॅलरीत आल्या. मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खिडकीकडे बघतेय, तर बोट वरही जाईना, खालीही येईना. मग त्यांनी पंजा दाखवला.

इंजिन बंद करून मी आत धावले. ‘अहो, नीट ऐकलंत ना?’

‘ऐकलं. छान चाललीये. आता राहू दे हं. नको छळूस तिला.’ आणि माझा काळा, तेलकट हात तसाच धरून ठेवला.

त्यांना ऐकूच आलं नाही, की सगळं पहिल्यापासून माहीत होतं, देव जाणे. मला विचारवलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन रडले. चिमे, मला ते हवेत गं. अक्कल काढायला तरी हवेत.

तू निघ. रजा मिळो न मिळो, निघ. आलीस की मी गाडी सुरू करेन, त्यांना ऐकवायला. तुझा कान त्यांच्यावर गेलाय, ती लंगडतेय हे तुला दारातच कळेल. पण बोलू नकोस आणि स्क्रूला हातही लावू नकोस. आज मी संध्याकाळी अंगणात गेलेच नाही. तुझे बाबा छान म्हणालेत ना, मग ती छानच चालली आहे.

सवतीला दारात घेऊन तुझी वाट बघणारी,
तुझी आई